एकेरी रुळावरचं अपडाऊन

नमस्कार मंडळी.

सेलूच्या फलाटावर एखाद्या अपडाऊनवाल्याला विचारा, गाडी का थांबलीय? तो डब्यातून मान बाहेर काढणार नाही, घड्याळही पाहणार नाही. म्हणेल, "क्रॉसिंग आहे." मराठवाड्यात रोज रेल्वेनं नोकरीला जाणाऱ्याचं निम्मं आयुष्य या एका शब्दात आहे, आणि म्हणून आज मी बहुतेक वेळ त्यावरच घालवणार आहे.

आपला मनमाड–सिकंदराबाद मार्ग निजामाच्या काळात, १९०० च्या सुमाराला सुरू झाला. तो मीटरगेज होता, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर १००० मिलिमीटर. मनमाडला मुंबईची मोठी लाइन १६७६ मिलिमीटरची, त्यामुळे तिथं माणसं आणि माल दोन्ही उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावे लागत. १९९० च्या दशकात आपली लाइन रुंद झाली. पण रुंद झाली म्हणजे दुहेरी झाली नाही, आणि आपली सगळी गोम इथंच आहे. परभणी ते मुदखेड हा सुमारे ८१ किलोमीटरचा तुकडा दुहेरी झालाय. छत्रपती संभाजीनगर ते परभणी हा १७७ किलोमीटरचा पट्टा अजून एकेरीवर चालतो. त्याच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक समितीनं जुलै २०२५ मध्ये मंजुरी दिली. मंजुरी आणि रूळ यांच्यामध्ये जमीन, पूल, सिग्नल आणि काही वर्षं असतात. तोवर रोजचा हिशेब एकेरी लाइनचाच.

एकेरी लाइनचा नियम साधा आहे. दोन स्टेशनांच्या मधल्या रुळावर एका वेळी एकच गाडी. बदनापूरच्या स्टेशन मास्तरनं पुढच्या स्टेशनकडून 'लाइन क्लिअर', म्हणजे मधला रूळ मोकळा असल्याची परवानगी, घेतल्याशिवाय गाडी सोडायची नाही. मग समोरासमोरच्या दोन गाड्या भेटणार कुठं? फक्त स्टेशनात. एक गाडी बाजूच्या लूप लाइनवर जाऊन थांबते, दुसरी मेन लाइनवरून निघून जाते. झालं क्रॉसिंग.

आता यात वेळ कुठं जातो ते नीट बघा, कारण डब्यात बसून वाटतं की गाडी उगाच उभी आहे. शंभराच्या वेगानं आलेल्या गाडीला लूपमध्ये शिरताना सांध्यावरून, म्हणजे गाडी जिथं रूळ बदलते तिथून, साधारण ताशी ३० किलोमीटरनं जावं लागतं. म्हणजे ब्रेक आधीपासून. सातशे मीटर लूप त्या वेगानं पार करायला जवळपास दीड मिनिट. मग समोरची गाडी पूर्ण आत यायची किंवा पुढं निघून जायची, सांधे आपल्या बाजूला वळायचे, पुढच्या स्टेशनकडून लाइन क्लिअर यायची, मग स्टार्टर, म्हणजे गाडी सुटण्याचा सिग्नल. आणि सुटल्यावरही लगेच वेग धरता येत नाही, कारण शेवटचा डबा सांध्यावरून बाहेर पडेपर्यंत तीच ३० ची मर्यादा. बावीस डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरपेक्षा लांब असते. हे सगळं जोडलं की समोरची गाडी अगदी वेळेवर असली तरी एक क्रॉसिंग आठ-दहा मिनिटं खातं.

समोरची गाडी वीस मिनिटं उशिरा असली तर? इथं नांदेडच्या कंट्रोल रूममधला माणूस निर्णय घेतो. परतूरला ठरलेलं क्रॉसिंग तो पुढं सातोन्याला किंवा सेलूला ढकलू शकतो, म्हणजे तुमची गाडी थांबण्याऐवजी पुढं जाते. पण पुढच्या स्टेशनची लूप आधीच मालगाडीनं अडवली असेल, तर ढकलता येत नाही. तुम्ही थांबता. थांबलात म्हणून पुढच्या तिसऱ्या गाडीशी होणारं तुमचं क्रॉसिंग चुकतं आणि ती गाडी थांबते. सकाळी एका गाडीचा झालेला वीस मिनिटांचा उशीर दुपारपर्यंत चार गाड्यांत वाटला जातो तो असा. त्यात प्राधान्याची उतरंड आहे. वंदे भारत, सुपरफास्ट आधी, एक्सप्रेस नंतर आणि डेमू-पॅसेंजर सगळ्यात शेवटी. रोज नोकरीला जाणारा माणूस नेमका या शेवटच्या गाडीत बसलेला असतो, ही गोष्ट मला मान्य नाही आणि ती बदलता येण्यासारखी आहे. त्यावर शेवटी येतो.

एकेरी लाइनवर दिवसाला किती गाड्या मावतात याचं एक जुनं सूत्र रेल्वेत वापरतात, स्कॉटचं सूत्र. दिवसाची १४४० मिनिटं घ्या. सगळ्यात लांब टप्प्यात सगळ्यात संथ गाडीला लागणारा वेळ, समजा १५ मिनिटं, त्यात सिग्नल-सांध्याच्या कामाची ५ मिनिटं मिळवा. १४४० भागिले २०, म्हणजे ७२. दुरुस्ती, खोळंबा धरून त्याचे ७० टक्के घ्यायचे. आले सुमारे ५०, दोन्ही दिशा मिळून, मालगाड्यांसह. पन्नासाच्या पलीकडं गाड्या घातल्या की प्रत्येक नवी गाडी जुन्या गाड्यांच्या वेळेतून चोरलेली असते. "आमच्या गावाला नवी गाडी द्या" म्हणताना हे भान हवं.

आता पासकडं वळू. मासिक पास १५० किलोमीटरपर्यंतच मिळतो. जालना–संभाजीनगर ६३ किलोमीटर, परभणी–नांदेड साठाच्या आत, परभणी–जालना सुमारे ११४. या सगळ्यांना पास आहे. परभणी–संभाजीनगर मात्र १७७, म्हणून थेट पास नाही. खंडपीठात किंवा विभागीय आयुक्तालयात रोजचं काम असलेल्या परभणीकराला ही मर्यादा महाग पडते. मासिक पासाची किंमत ढोबळ मानानं पंधराएक एकेरी भाड्यांइतकी असते, म्हणजे महिन्यात आठ दिवस गेलात तरी वसूल. तीन महिन्यांचा पास मासिकाच्या २.७ पट, सहा महिन्यांचा ५.४ पट, वर्षाचा १०.८ पट. बदलीची टांगती तलवार असेल तर तीन महिन्यांचा बरा.

पासवर ओळखपत्राचा नंबर हवा आणि ते ओळखपत्र खिशात हवं. पास आहे पण ओळखपत्र घरी, तर टीसीच्या लेखी तुमच्याकडं पासच नाही. साधा पास घेऊन स्लीपरमध्ये बसणं ही दुसरी नेहमीची चूक. "जालन्यापर्यंतच तर जायचंय" हे कारण नियमात नाही. तिथं भाडं आणि किमान २५० रुपये दंड पडतो. ज्यांना पास नको त्यांनी ध्यानात ठेवावं की २०० किलोमीटरच्या आतलं जनरल तिकीट काढल्यापासून तीन तास किंवा त्यानंतरच्या पहिल्या गाडीपर्यंतच चालतं. संध्याकाळच्या परतीचं तिकीट सकाळीच काढून ठेवलं, तर ते संध्याकाळी कामाचं नाही.

जनरल डबे बहुतेक गाड्यांना दोन टोकांना असतात. जिना किंवा फलाटाचं दार साधारण मधे. दोन मिनिटांच्या थांब्यात मधून टोकापर्यंत अडीचशे मीटर पळणं होत नाही, आणि पळताना हात सुटतो तो दारातल्या दांड्यावरचा. म्हणून गाडीची घोषणा व्हायच्या आधी टोकाला जाऊन उभं राहा, आणि रोज एकाच टोकाला. कोणतं टोक, हे चढण्याच्या स्टेशनवरून ठरवू नका, उतरण्याच्या स्टेशनवरून ठरवा. मुकुंदवाडीला उतरून चिकलठाण्याच्या एमआयडीसीत जाणाऱ्याला चुकीच्या टोकाचे पाच-सहा मिनिटं म्हणजे हजेरीवरची लाल रेघ. जुन्या बनावटीच्या जनरल डब्यात ९० माणसांची बसायची सोय असते, नव्या लाल एलएचबी डब्यात १०० ची. रुमाल टाकून धरलेल्या जागेला रेल्वेच्या नियमात काही किंमत नाही, पण डब्यातल्या नियमात आहे, आणि गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस आलं की तो रुमाल आपण होऊन उचलायचा असतो.

मोबाइलवर गाडी बघायची तर फक्त आपली बघू नका. समोरून येणारी बघा. तुमची गाडी वेळेवर दिसतेय, पण तिचं ज्या गाडीशी क्रॉसिंग आहे ती पाऊण तास मागं असेल, तर तुम्हीही लेट होणार असं धरून चाला. जी गाडी दुसऱ्या गाडीच्याच डब्यांनी, म्हणजे त्याच रेकनं सुटते, तिची आधीची फेरी तपासा. डिसेंबर-जानेवारीत सचखंड एक्सप्रेस दिल्लीकडच्या धुक्यात अडकते आणि इकडं मराठवाड्यात लख्ख उन्हात माणसं तिची वाट बघत उभी राहतात. एसटीनं जायचा निर्णयही फलाटावर उभं राहून घेऊ नका. घरूनच ठरवून निघा, अमुक वाजेपर्यंत गाडी मागच्या स्टेशनातून सुटली नाही तर बस. वेळ आधी ठरलेली नसली की माणूस 'आता येईलच' करत दोन्ही गमावतो.

आपल्या मातीचंही सांगितलं पाहिजे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. रुळाखालचा भराव अशा मातीवर किंवा अशा मातीचा असला की पावसाळ्यात गिट्टी खाली रुतते आणि चिखल गिट्टीतून वर येतो. रूळ एका बाजूला बसतो. मग त्या तुकड्यावर वेगाचं बंधन लागतं, लोको पायलटला तशी सूचना, म्हणजे काशन ऑर्डर, मिळते. दोन किलोमीटर ३० च्या वेगानं गेलं की चार मिनिटं लागतात. शंभरानं सव्वा मिनिट लागलं असतं. असे तीन तुकडे वाटेत असले की पावसाळाभर गाडी रोज आठ-दहा मिनिटं उशिरा, आणि प्रवाशाला वाटतं ड्रायव्हर सुस्त आहे. फाटकांचंही तसंच. गावातल्या फाटकाचं सिग्नलशी कुलूप असतं. फाटक पूर्ण लागल्याशिवाय सिग्नल हिरवा होतच नाही. खाली पडत्या दांड्याखालून एक ऑटो घुसला की हजार माणसांची गाडी बाहेर उभी.

आता मागण्यांबद्दल. थांबा मागणं सगळ्यात सोपं, म्हणून तो सगळ्यात जास्त मागितला जातो. पण एका थांब्याची किंमत दोन मिनिटं नसते. वेग कमी करणं, थांबणं, पुन्हा वेग घेणं मिळून चार-पाच मिनिटं जातात, आणि एकेरी लाइनवर तेवढ्यानं पुढचं क्रॉसिंग हुकू शकतं. माझं मत स्पष्ट आहे. नोकरदारांनी नवी गाडी आणि नवा थांबा यापेक्षा एकच गोष्ट लावून धरावी: सकाळी धर्माबादहून मनमाडकडे निघणाऱ्या मराठवाडा एक्सप्रेससारख्या कामाच्या गाडीला कार्यालयाच्या वेळेआधीच्या दोन-अडीच तासांत लूपमध्ये टाकू नये, समोरच्या गाडीनं थांबावं. याला नवा रूळ लागत नाही. वेळापत्रकातला बदल आणि कंट्रोलला तशी सूचना लागते.

ही मागणी नांदेड विभागाच्या रेल्वे वापरकर्ता सल्लागार समितीकडं न्यायची. 'गाडी नेहमी लेट असते' असं लिहू नका. त्या वाक्याला उत्तर देता येत नाही, म्हणून ते मिळतही नाही. तीस दिवसांची वही करा. तारीख, गाडी क्रमांक, तुमच्या स्टेशनात आली किती वाजता, सुटली किती वाजता, वाटेत कुठल्या स्टेशनात उभी राहिली, किती मिनिटं, आणि समोरून कुठली गाडी गेली. डब्यातल्या दहा जणांनी हे वाटून घ्या, म्हणजे एखाद्याच्या रजेनं नोंद तुटत नाही. शेवटचा रकाना, समोरून गेलेल्या गाडीचा, सगळ्यात महत्त्वाचा. तो रिकामा ठेवू नका.