किल्ल्या हाती येण्याआधी

(शालेय ग्रंथपालांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. समोर दोन प्रकारची मंडळी बसली आहेत. येत्या वर्षा-दोन वर्षांत निवृत्त होणारे ग्रंथपाल, आणि त्यांच्या जागी येणारे. या दुसऱ्या गटात पदवी घेऊन आलेले आहेत, तसेच ग्रंथालयाचा अतिरिक्त कार्यभार गळ्यात पडलेले शिक्षकही आहेत. बोलायचं आहे ते या दोन गटांमधल्या देण्याघेण्याबद्दल.

आपल्याकडे चार्ज कसा दिला जातो ते सगळ्यांना ठाऊक आहे. शेवटच्या दिवशी निरोप समारंभ उरकला, की कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा, दाखल रजिस्टरं (ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेली) आणि शिक्के टेबलावर ठेवायचे आणि यादीवर सही घ्यायची. नवा माणूस जूनमध्ये पहिली तासिका घेतो, तेव्हा त्याच्या लक्षात येतं, की बी.लिब.ला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला, वर्गीकरण झालं, तालिकीकरण (पुस्तकांची सूची करणं) झालं, पण साठ मुलं आणि पस्तीस मिनिटं यांचा मेळ कसा घालायचा ते कुठेच आलं नव्हतं. ते शेजारी बसूनच शिकावं लागतं. निवृत्तीची तारीख वर्षभर आधी माहीत असते. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीनंतरचं सत्र दोघांनी एकाच टेबलाशी काढावं, एवढंच माझं म्हणणं आहे. पद रिकामं झाल्याशिवाय संस्था नवा माणूस नेमणार नाही, हे मान्य. मग कार्यभार ज्या शिक्षकाकडे जायचा आहे, त्याच्यासाठी आठवड्याला चार मोकळ्या तासिका मुख्याध्यापकांकडून मागून घ्या. एवढं वेळापत्रकात बसतं.

पहिले पंधरा दिवस नव्या माणसानं शिक्क्याला हात लावू नये. वही घ्यावी, तीन रकाने आखावेत आणि नुसतं ऐकावं. मुलानं काय मागितलं, त्यावर जुन्या ग्रंथपालानं उलट काय विचारलं आणि शेवटी हातात कोणतं पुस्तक दिलं. मुलं लेखकाच्या नावानं क्वचितच मागतात. ‘ते भुताचं, निळ्या कव्हरचं’, ‘ताईनं नेलं होतं ते’, ‘प्रकल्पाला काहीतरी द्या’ अशा मागण्या असतात. या तिसऱ्या मागणीवर कपाटाकडे धावणारा ग्रंथपाल फसतो. आधी विचारायचं: कोणत्या विषयाच्या बाईंनी दिलाय, किती पानं लिहायची आहेत, कधी द्यायचाय? दोन पानांच्या प्रकल्पासाठी मुलाला दोनशे पानांचं पुस्तक दिलं, तर ते न उघडताच परत येतं. शिवाय एकाच आठवड्यात तीन तुकड्यांना ‘पाणी’ हाच विषय दिलेला असतो. पहिल्या मुलानं ते एकमेव पुस्तक घरी नेलं, की बाकीचे हात हलवत परततात. म्हणून अशी पुस्तकं तेवढ्यापुरती ‘इथेच वाचा’ म्हणून टेबलावर काढून ठेवायची. कोणत्या महिन्यात कोणत्या विषयाची झुंबड उडते, हे जुन्या ग्रंथपालाच्या डोक्यात पक्कं असतं, पण कागदावर कुठेच नसतं. ते या वहीत उतरवून घ्या.

आता दाखल रजिस्टर. दाखल दिनांक, दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, प्रकाशन वर्ष, पृष्ठं, छापील किंमत, पुरवठादार, बिल क्रमांक व दिनांक, वर्गांक (विषयाप्रमाणे पुस्तकाला दिलेला आकडा), शेरा असे रकाने असतात. एका प्रतीला एकच क्रमांक. पाच प्रती आल्या तर पाच क्रमांक आणि पाच ओळी. कंसात ‘५ प्रती’ लिहून एका ओळीत भागवलेलं मी बघतो, तेव्हा मला पुढच्या पडताळणीचे हाल दिसू लागतात. पुस्तक हरवलं, रद्द झालं, तरी त्याचा क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला द्यायचा नाही. हरवलेल्याच्या बदल्यात पालकांनी तेच पुस्तक आणून दिलं, तरी नव्या प्रतीला नवा क्रमांक द्यायचा आणि जुन्या ओळीत शेरा मारायचा. व्हाइटनर वापरायचा नाही. चूक आडव्या रेघेनं खोडायची आणि शेजारी तारखेसह सही करायची.

शिक्का शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला, शेवटच्या पानावर आणि गुप्त पानावर. गुप्त पान म्हणजे शाळेनं ठरवलेला एक पृष्ठ क्रमांक, समजा २१. प्रत्येक पुस्तकाच्या त्या पानावर शिक्का आणि दाखल क्रमांक असतो. सुरुवातीची पानं फाडली तरी पुस्तक कुणाचं ते कळतं. बालपुस्तक सोळा पानांचं असेल तर २१ कुठून आणणार? त्यासाठी दुसरा आकडा ठरवलेला असतो. तो जुन्या ग्रंथपालानं सांगायला हवा. कारण तो कुठे लिहिलेला नसतो. चित्रावर शिक्का मारू नये.

जुन्या शाळांत दोन घोळ हमखास सापडतात. पहिला म्हणजे रजिस्टर भरल्यावर नव्या रजिस्टरात कुणीतरी पुन्हा १ पासून सुरुवात केलेली असते, त्यामुळे एकाच क्रमांकाची दोन पुस्तकं निघतात. सगळे क्रमांक नव्यानं टाकायचा मोह होतो, तो आवरा. जुन्या बिलांवर, ऑडिटच्या कागदांवर जुने क्रमांक आहेत. दुसऱ्या मालिकेच्या क्रमांकामागे ‘ब’ लावा आणि तशी नोंद मुख्याध्यापकांच्या सहीनं रजिस्टरच्या पहिल्या पानावर करा. दुसरा घोळ पुस्तकपेढीचा. पाठ्यपुस्तकं दरवर्षी वाटायची आणि परत घ्यायची असतात, त्यांची नोंदवही वेगळी हवी. ती ग्रंथालयाच्या रजिस्टरात शिरली, की संख्या फुगते आणि गोष्टीची पुस्तकं किती, याचा पत्ता लागत नाही. जाता जाता: शिक्षण हक्क कायदा २००९च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेच्या ग्रंथालयात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टीच्या पुस्तकांसह पुस्तकं असावीत असं म्हटलंय. गाइडांचा त्यात उल्लेख नाही. ग्रंथालयाच्या पैशातून गाइडं घेऊ नका.

आता तासिका. हा सगळ्यात अवघड भाग, म्हणून जरा थांबून बोलतो. साठ मुलं, प्रत्येकाचं पुस्तक परत घेऊन, रजिस्टरात लिहून, नवं द्यायला अर्धा मिनिट धरा. झाली तीस मिनिटं. उरलेली पाच रांग लावण्यात जातात. वाचन शून्य. यावर उपाय म्हणून पुस्तक बदलण्याचं काम तीन वेळांत विभागायचं.

परतीचं काम तासिकेआधी उरकायचं. वर्गातली दोन मुलं ग्रंथमित्र म्हणून नेमायची. त्यांनी आदल्या दिवशी पुस्तकं गोळा करून, हजेरी क्रमांकानं लावून पेटी आणून द्यायची. ग्रंथपाल आणि शिकाऊ मिळून साठ पुस्तकं पंधरा मिनिटांत जमा करतात. दुसरं, निवडीसाठी अख्खं कपाट उघडायचं नाही. साठ मुलांना ऐंशी-नव्वद पुस्तकं टेबलांवर, मुखपृष्ठ वर करून मांडायची. याहून कमी असली तर शेवटच्या दहा मुलांना उरलंसुरलं घ्यावं लागतं. फार जास्त मांडली तर निवडण्यातच वेळ जातो. अर्धा वर्ग निवडतो, अर्धा मासिकं वाचतो. बारा मिनिटांनी अदलाबदल. ‘किशोर’चे जुने अंक इथे कामाला येतात. तिसरं, नोंद मुलानंच करायची. प्रत्येक पुस्तकाच्या खिशात दाखल क्रमांक आणि शीर्षक लिहिलेलं पुस्तक-कार्ड असतं. मूल त्यावर इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक लिहून सही करतं. ग्रंथपाल तारीखपट्टीवर परतीची तारीख मारून कार्ड ठेवून घेतो. एका मुलाला दहा सेकंद, म्हणजे सगळ्या वर्गाला दहा मिनिटं. तासिका संपल्यावर कार्डं तुकडीनुसार ट्रेमध्ये लावायची. ती दुपारपर्यंत टेबलावर तशीच राहिली, तर पुढच्या तुकडीच्या कार्डांत मिसळलीच म्हणून समजा.

सगळ्यात जास्त गडबड होते ती कार्ड चुकीच्या पुस्तकात गेल्यानं. एकाच पुस्तकाच्या चार प्रती असतात, शीर्षक बघून घाईत कार्ड खिशात सरकवलं जातं आणि सहा महिन्यांनी पुस्तक परत केलेल्या मुलाच्या नावावर थकबाकी निघते. म्हणून जमा करताना कार्डावरचा क्रमांक गुप्त पानावरच्या क्रमांकाशीच जुळवायचा. शिकाऊ माणसाची पहिली दोनशे पुस्तकं जुन्या ग्रंथपालानं पुन्हा तपासावीत. सवय तिथेच लागते. संगणक आणि बारकोड असेल तर हे काम सोपं होतं, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ‘ई-ग्रंथालय’ हे सॉफ्टवेअर काही शाळा वापरतातही. पण वीज गेली म्हणून तासिका रद्द करता येत नाही. कार्डं फेकू नका.

उशिरा पुस्तक आणणाऱ्या मुलाकडून पैशांचा दंड घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दंडाला घाबरून मूल पुस्तक दडवतं, मग ते कधीच मिळत नाही. आधीचं आणेपर्यंत नवं नाही, एवढा नियम पुरतो. दहावीच्या मुलांची थकबाकी यादी मात्र परीक्षेआधी, जानेवारीत कार्यालयात द्या. शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आलेल्या मुलाला आठवण करून देण्यापर्यंत थांबलात, तर तोवर पुस्तक मामाच्या गावाला गेलेलं असतं.

वर्गीकरणाबद्दल थोडक्यात. पुस्तकांना विषयाप्रमाणे आकडे देण्याच्या ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ वर येतं. मराठी माध्यमाच्या शाळेत निम्मा संग्रह तिथेच जमतो, म्हणून पुढचा अंक घ्यावाच लागतो: १ काव्य, २ नाटक, ३ कथा-कादंबरी, ४ निबंध. म्हणजे कादंबरीला ८९१.४६३. इतर विषयांना शाळेत तीन अंक पुरे: ५२० खगोलशास्त्र, ५९० प्राणी, ७९६ खेळ. दशांशानंतर सहा अंक लिहिणाऱ्या नव्या पदवीधराला जुन्या ग्रंथपालानं हळूच थांबवावं. वर्गांकाचं लेबल पुस्तकाच्या पाठीवर, खालच्या कडेपासून अडीच सेंटिमीटर वर, सगळ्या पुस्तकांना एकाच उंचीवर. पाठीवर लेबल मावत नाही अशी पातळ पुस्तकं घोड्यावर (उघड्या रॅकवर) उभी करू नका, खोक्यात मुखपृष्ठ पुढे करून ठेवा.

संगणकावर यादी करताना दोन गोष्टी सांभाळा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेली यादी छापायला ठीक, पण तिच्यात शोध लागत नाही आणि अकारविल्हे लावताही येत नाही. ती आधी रूपांतरित करून घ्या. आणि युनिकोडची यादी अकारविल्हे लावली, तरी हातानं लावलेल्या कार्डांशी ती तंतोतंत जुळत नाही. आपण क्ष आणि ज्ञ शेवटी घेतो. संगणक बहुतेक वेळा क्ष ला क मध्ये आणि ज्ञ ला ज मध्ये टाकतो. ‘ज्ञानेश्वर’ यादीच्या शेवटी सापडलं नाही म्हणून पुस्तक नाही, असं मुलाला सांगू नका.

पावसाळ्याचं काम मे महिन्यातच शिकून घ्यावं. कपाट भिंतीपासून वीतभर दूर, खालचा कप्पा जमिनीपासून तेवढाच वर. पुस्तकं दाटीनं कोंबली तर हवा खेळत नाही आणि बुरशी धरते. ओलसर पुस्तक सावलीत पंख्याखाली उभं करून वाळवायचं. कडक उन्हात पुठ्ठा वाकतो. फाटक्या पानाला चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागद खातो. १०० ग्रॅम मैद्याला अर्धा लिटर पाणी घेऊन खळ शिजवा, त्यात चिमूटभर मोरचूद घाला म्हणजे कसर लागत नाही, आणि पातळ कागदाची पट्टी लावा. मोरचूद विषारी असतो. तो आणि उरलेली खळ मुलांच्या हाताला लागणार नाही अशी कुलपात ठेवा.

पुस्तकं बाद करायला ग्रंथपाल घाबरतात, विशेषतः नवे. साधी कसोटी घ्या. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. महाराष्ट्रात ३५ जिल्हे सांगणारं भूगोलाचं पुस्तक, किंवा प्लूटोला नववा ग्रह म्हणणारा २००६ पूर्वीचा विज्ञानकोश मुलांच्या हाती संदर्भ म्हणून द्यायचा का? निर्लेखनाची, म्हणजे पुस्तक रजिस्टरातून रद्द करण्याची, रीत मात्र पाळा: यादी, समितीची पाहणी, मुख्याध्यापकांची आणि संस्थेची लेखी मंजुरी, रजिस्टरात लाल शाईनं ठराव क्रमांक आणि दिनांक, पुस्तकावर ‘रद्द’चा शिक्का. मंजुरीआधी रद्दीवाल्याला बोलावलं, तर ती पुस्तकं हरवलेली धरली जातात.

शेवटी प्रत्यक्ष चार्ज. सहीआधी साठा पडताळणी झालीच पाहिजे. कागदावर शंभर-शंभर क्रमांकांचे चौकोन आखा. चार हजार पुस्तकांना चाळीस कागद. एकानं पुस्तक उघडून क्रमांक वाचायचा, दुसऱ्यानं खूण करायची. तीन ते चार दिवसांचं काम आहे. खूण न झालेले क्रमांक लगेच ‘हरवले’ म्हणू नका. कार्डांचा ट्रे, वर्गपेट्या, प्रयोगशाळेतलं कपाट आणि शिक्षकांची घरं, या क्रमानं शोधा. या शेवटच्या ठिकाणी बरीच पुस्तकं निघतात, पण मागायला नवा माणूस धजत नाही, म्हणून ती जुन्या ग्रंथपालानंच मागावीत.

तरी काही सापडत नाहीतच. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ प्रमाणे, वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा वाचलेल्या दर १००० ग्रंथांमागे ५ पर्यंतची हानी वाजवी धरतात. मात्र ती अप्रामाणिकपणानं किंवा निष्काळजीपणानं झालेली नसावी. २०,००० पर्यंत ग्रंथ असतील तर पडताळणी दरवर्षी करावी, असंही त्यात आहे. आपल्या खासगी अनुदानित शाळांना हे नियम थेट लागू नाहीत, पण मुख्याध्यापकांपुढे मांडायला मापदंड म्हणून उपयोगी पडतात. न सापडलेल्यांची किमतीसह यादी चार्ज अहवालाला जोडा आणि ‘सोबतच्या यादीतील ग्रंथ वगळून’ असं लिहूनच सही करा. अहवालाच्या तीन प्रती: मुख्याध्यापक, देणारा, घेणारा. त्यात मासिकांच्या वर्गण्या कधी संपतात, कोणाचं बिल थकलंय, हेही यावं. बाइंडरकडे गेलेल्या पुस्तकांची यादी वेगळ्या कागदावर करून त्याची पोच घ्या. मेमध्ये गेलेली पुस्तकं जुलैत परत येतात, आणि ती मोजून घेणाऱ्या नव्या माणसाला किती गेली होती हे माहीत नसतं.