नाताळच्या नाश्त्याला २५ माणसं, बेकन मात्र ओटीजीतच!

हाय मंडळी! नाताळच्या सकाळी मिस्साहून, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेहून, आल्यावर वांद्र्याला आमच्या घरी २५ माणसं नाश्त्याला असतात. अंडी, फुगे (आमचे तळलेले गोल पाव), बॉटल मसाल्यातले (बाटलीत भरून ठेवतात त्या आमच्या मिश्र मसाल्यातले) बटाटे हे सगळं होतं हो आरामात, पण बेकनवर, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या पट्ट्यांवर, गाडी अडते, कारण तव्यावर एका वेळी पाच-सहा पट्ट्या मावतात, चरबी हातावर उडते आणि बाकीचे सगळे गप्पा मारत असताना एक बाई तासभर गॅससमोर उभी. माझ्या सासूबाईंनी कित्येक वर्षं हेच केलं, मला ते बघवत नव्हतं, म्हणून हा व्हिडिओ.

आधी हिशोब बघा. माणशी ३ पट्ट्या धरल्या तर ७५ झाल्या. माझ्या ओटीजीच्या (छोट्या इलेक्ट्रिक ओव्हनच्या) ट्रेमध्ये १२ बसतात, म्हणजे ७ घाणे, एकेक २० मिनिटांचा, जवळजवळ अडीच तास! सकाळी कोणाला वेळ आहे? म्हणून बेकन आदल्या दिवशीच शिजवून ठेवायचं आणि सकाळी फक्त कुरकुरीत करायचं.

पाकीट फ्रोझन असेल तर रात्रभर खाली फ्रीजमध्ये ठेवा, घाईत सोडवायला गेलात तर पट्ट्या फाटतात. मग टिश्यूने टिपून घ्या, आपल्याकडच्या बऱ्याच बेकनमध्ये पाणी असतं. काठ असलेलाच ट्रे घ्या, सपाट नको, चरबी ओघळून खालच्या रॉडवर गेली की धूरच धूर. त्यावर बेकिंग पेपर, पण ट्रेच्या मापाचा कापा, गेल्या वर्षी माझ्या पेपरचा एक कोपरा वर उभा राहिला होता, वरच्या रॉडला लागला आणि काळा पडून जळायला लागला, मी खूप घाबरले होते. ट्रे मधल्या खाचेतच लावा.

पट्ट्या एकमेकींना चिकटून चालतील, पण एकावर एक नकोत. ओव्हन गरम करत बसू नका, पहिला घाणा थंड ओव्हनमध्येच ठेवा आणि २०० डिग्री लावा, चरबी हळूहळू सुटते आणि पट्ट्या कमी आकसतात. आता इकडे या, काचेतून बघा, आधी पांढरा फेस येतो, ते पाणी आणि प्रोटीन, खराब काही नाही. मग फेस बसतो, बुडबुडे बारीक होतात आणि पांढरी चरबी काचेसारखी दिसायला लागते. इथेच काढायचं! पट्टी पूर्ण शिजलेली पण चिमट्याने उचलली की वाकणारी हवी. साधारण १५ मिनिटं, पण घड्याळापेक्षा रंग बघा, पातळ पट्ट्या लवकर होतात आणि गोडसर बेकन तर पटकन करपतं.

प्रत्येक घाण्यानंतर ट्रेमधली चरबी स्टीलच्या भांड्यात काढा, हे प्लीज टाळू नका, साचलेली चरबी पुढच्या घाण्यात तापून धूर सोडते. पट्ट्या टिश्यूवर निथळल्या आणि गार झाल्या की मध्ये पेपर घालून घट्ट झाकणाच्या डब्यात, लगेच फ्रीजमध्ये. आपल्या हवेत बाहेर ठेवू नका.

सकाळी आता ओव्हन आधी तापवा, २०० वर. पट्ट्या आकसलेल्या असतात, त्यामुळे ट्रेमध्ये २०-२२ सहज मावतात, ५-६ मिनिटं की झालं, म्हणजे २५ माणसांचं काम अर्ध्या तासाच्या आत! बाहेर काढल्यावर मऊ वाटलं तरी परत ढकलू नका, दोन मिनिटांत कडक होतं. आणि वर झाकण अजिबात नको, वाफ धरली की सगळी मेहनत वाया.

उरलेली चरबी सिंकमध्ये ओतू नका हां, पाइपात थिजते आणि जुन्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यापर्यंत त्रास होतो. गाळून फ्रीजमध्ये ठेवा आणि बॉटल मसाल्यातले ते बटाटे त्यातच परता, फक्त मीठ शेवटी, चव बघून घाला, चरबी मुळातच खारट असते.