तेमार्क नदी, हिवाळ्यात : ‘दारमोक’ दुसऱ्यांदा पाहताना

मित्रहो, मघाशी ‘स्टार ट्रेक’ मालिकेचा ‘दारमोक’ हा भाग सुरू होऊन काही मिनिटेच झाली असतील, तेव्हा या दालनात एक बारीकशी गोष्ट घडली, आणि माझे बोलणे मी तिथूनच सुरू करतो. टमेरियन या परग्रहवासीयांच्या अवकाशजहाजाचा कप्तान डेथॉन आणि त्याचा दुय्यम अधिकारी यांच्यात खटका उडतो. अधिकारी म्हणतो, ‘मिराब, शिडे उभारलेली.’ डेथॉन उत्तरादाखल ‘दारमोक’ एवढाच शब्द उच्चारतो. अधिकारी पुन्हा ‘मिराब’चा धोशा लावतो आणि डेथॉन हिवाळ्यातल्या तेमार्क नदीचे नाव घेऊन त्याला गप्प करतो. जी मंडळी हा भाग आज प्रथमच पाहत होती, ती समोरच्या एन्टरप्राइज यानाच्या कप्तान पिकार्डसारखीच गोंधळून पडद्याकडे बघत राहिली. ज्यांनी तो पूर्वी पाहिला होता, ती मात्र हसली. ते हसू कुठून आले, एवढाच माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

नव्यांसाठी थोडी माहिती सांगतो. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ ही मालिका १९८७ ते १९९४ या काळात चालली आणि ‘दारमोक’ हा तिच्या पाचव्या पर्वातला दुसरा भाग १९९१च्या सप्टेंबरअखेरीस प्रसारित झाला. पटकथा जो मेनोस्की यांची, दिग्दर्शन विनरिख कोल्बे यांचे. टमेरियन लोकांची अडचण अशी, की भाषांतरयंत्र त्यांचे शब्द अचूक उलगडते, तरी अर्थ हाती लागत नाही, कारण ते प्रत्येक गोष्ट आपल्या पुराणकथांतल्या प्रसंगांचा दाखला देऊनच बोलतात. अपयश आले की ‘शाका, तटबंदी कोसळली तेव्हा’. काही देऊ केले की ‘तेंबा, बाहू पसरलेले’. उमज पडली की ‘सोकाथ, डोळे उघडलेले’. ज्याला शाका ठाऊक नाही, त्याच्यासाठी तटबंदी ही नुसतीच दगडांची भिंत.

मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटण्याचे खरे तर कारण नाही. एखाद्या बेताचे ‘पानिपत झाले’ असे आपण सहज म्हणतो आणि १७६१ सालच्या त्या रणांगणाचे चित्र डोळ्यांसमोर न आणताच समोरच्याला अर्थ पोचतो. त्याच लढाईची वार्ता ‘दोन मोत्ये गळाली’ अशा सांकेतिक शब्दांत पेशव्यांपर्यंत पोचल्याचे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ते वाक्य भाषांतरयंत्रात घातले, तर दागिन्यांच्या नुकसानीची बातमी बाहेर पडेल. ‘ध चा मा’ तर एका अक्षराच्या फरकावर उभा असलेला अख्खा खून आहे. फरक इतकाच, की आपल्याकडे साध्या वाक्याची सोय शिल्लक आहे आणि टमेरियनांकडे ती नाही.

इथे नेहमीचा आक्षेप येतो, आणि मघाच्या मध्यंतरात तो माझ्या कानावर आलाही : असे लोक अवकाशयान बांधतात कसे? इंजिनातला अमुक भाग तीन अंश फिरव, हे कोणत्या पुराणपुरुषाचा दाखला देऊन सांगणार? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर या भागात नाही. चाहत्यांनी ते ओढूनताणून बसवू नये, असे माझे मत आहे. त्याच्याच पाठीला पाठ लावून येणारा दुसरा आक्षेप मात्र मला कच्चा वाटतो. दाखल्यावाचून बोलताच येत नसेल, तर मूल मुळात ती कथा शिकणार कशी, असे विचारले जाते. याचे उत्तर डेथॉन स्वतः देतो. पिकार्डला आपल्या पुराणकथेतल्या दारमोकची गोष्ट सांगताना तो तिचे तुकडे क्रमाने मांडत जातो : दारमोक समुद्रावर, दारमोक तनाग्राला, जलाद समुद्रावर, जलाद तनाग्राला, तनाग्राचे श्वापद, आणि शेवटी दारमोक व जलाद, दोघेही समुद्रावर. नाव, ठिकाण आणि क्रम, एवढ्या भांडवलावर कथा उभी राहते. एकेकटे आले, संकटाशी एकत्र झुंजले, सोबत निघाले, हे पिकार्डला त्या तुटपुंज्या तुकड्यांतून समजते, मग मुलाला का समजू नये?

पहिल्यांदा पाहताना आपण पिकार्डच्या खांद्यावरून पाहत असतो. डेथॉन दोन कट्यारी घेऊन समोर येतो आणि त्यांतली एक त्याच्याकडे फेकतो; पिकार्डला ते द्वंद्वाचे आव्हान वाटते, आपल्यालाही वाटते. दुसऱ्या खेपेला आपण नकळत डेथॉनच्या बाजूला जाऊन बसतो. आता दिसतो तो एक थकलेला, हट्टी मुत्सद्दी, ज्याने आपल्याच अधिकाऱ्याचा विरोध मोडून एका अनोळखी माणसासह निर्जन ग्रहावर उतरण्याचा जुगार खेळला आहे. पॉल विनफिल्ड यांनी जाड मुखवट्याखालून, केवळ डोळे आणि आवाज यांच्या बळावर हा माणूस उभा केला. त्यांनी १९८२ सालच्या ‘द रॅथ ऑफ खान’ या चित्रपटातही एका कप्तानाचीच भूमिका केली होती आणि तोही कप्तान जिवंत परतत नाही, हा योगायोग जुन्या चाहत्यांना ठाऊक असेलच.

त्या ग्रहावरच्या श्वापदाशी दोघे झुंजतानाचा प्रसंगही पुन्हा पाहताना वेगळा लागतो. पिकार्डच्या डोक्यात नुकता प्रकाश पडला आहे, दोघांची जोडी जमते आहे, आणि नेमक्या त्याच क्षणी एन्टरप्राइजवरचे लोक त्याला वाचवण्यासाठी वाहकझोतात, म्हणजे माणसाला क्षणात दुसरीकडे नेणाऱ्या किरणात, उचलू पाहतात. झोत त्याला धड नेतही नाही आणि सोडतही नाही. तेवढ्यात श्वापद एकट्या पडलेल्या डेथॉनला फाडते. डेथॉनचा जीव घेण्यात श्वापदाइतकाच वाटा मित्रपक्षाच्या काळजीचा आहे, आणि भागात हे कोणीही तोंडाने बोलून दाखवत नाही. (याच भागात फेझर या किरणास्त्राचा झोत टॉर्पेडोच्या नळीतून बाहेर पडतो, ही तांत्रिक चूक मागच्या रांगेने बरोबर पकडली. पिकार्डचे नवे जाकीटही इथेच प्रथम दिसते. चाहत्याने अशा गोष्टी जरूर टिपाव्यात. फक्त त्या टिपताना शेकोटी निसटू देऊ नये.)

त्या शेकोटीपाशी थोडे थांबू. जखमी डेथॉन पिकार्डकडे गोष्ट मागतो. पिकार्ड आधी नाही म्हणतो : मला गोष्टी सांगता येत नाहीत, शिवाय तुला ती कळणारही नाही. मग त्याला जाणवते, की कळण्याशी याचा फारसा संबंध नाही. याला ती ऐकायची आहे. तो प्राचीन मेसोपोटेमियातल्या गिल्गमेशची कथा सांगतो : उरुकचा मुजोर राजा, रानातून आलेला एन्किडू, दोघांची झटापट आणि मग मैत्री. सांगता सांगता पिकार्ड म्हणतो, ‘गिल्गमेश आणि एन्किडू, उरुक येथे.’ पहिल्यांदा हे वाक्य कथेच्या ओघात वाहून गेले होते. आज मी ते कान देऊन ऐकले, तर त्याची घडण अस्सल टमेरियन निघाली : दोन नावे आणि एक ठिकाण. पुढे एन्किडू मरतो, गिल्गमेश रडतो, आणि ऐकणाराही तिथेच प्राण सोडतो.

एकट्याने पाहिले असते, तर यातले बरेचसे माझ्या लक्षात आले नसते. वाहकझोताचा मुद्दा मला वर्षांपूर्वी एका सहप्रेक्षकाने, पडदा थांबवून आणि माझ्याशी भांडून, पटवून दिला होता. तेव्हापासून आमच्यात एखादा बेत फसला, की ‘शाका’ एवढाच शब्द पुरतो, आणि त्या गटाबाहेरच्या माणसाला त्यातले काहीही कळत नाही. मघाच्या हसण्याचे मूळ इथे आहे. हसणाऱ्यांना टमेरियन येत होती. ती त्यांना याच भागाने शिकवली होती, पण शिकवून होईपर्यंत भाग संपला होता, म्हणून वापरायची संधी आज मिळाली.

शेवटाकडे तोच दुय्यम अधिकारी पुन्हा पडद्यावर येतो. दोन्ही जहाजे एकमेकांवर तुटून पडण्याच्या बेतात असताना पिकार्ड त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलतो आणि तो ‘सोकाथ’ असे ओरडतो. मग तो एक नवाच दाखला घडवतो : ‘पिकार्ड आणि डेथॉन, एल-अड्रेल येथे’, म्हणजे ते दोघे उतरले त्या ग्रहावर. आणि पाठोपाठ म्हणतो, ‘मिराब, शिडे उभारलेली.’ सुरुवातीला हेच शब्द त्याने कप्तानाला मागे फिरवण्यासाठी वापरले होते. आता कप्तान उरलेला नाही, आणि त्याच शब्दांनी तो आपले जहाज शांतपणे परत नेतो आहे. पिकार्ड डेथॉनची कट्यार पुढे करतो, तर उत्तर येते, ‘तेंबा, विसावलेला’ : ती तुमच्यापाशीच असू द्या.

या दुसऱ्या ‘मिराब’ला दालनात कोणीही हसले नाही. चर्चेला सुरुवात करण्यापूर्वी पहिली पाच मिनिटे आणखी एकदा लावावीत, अशी माझी संयोजकांना विनंती आहे. जे मघाशी गोंधळले होते, त्यांना ती आता पाहायची असतील.