शिक्षकाच्या करारातला 'तास' नेमका कुठला?

(दृश्य: टेबलावर उघडं नियुक्तीपत्र, दुसरं पान, बोट सातव्या कलमावर)

हे वाचा. "आठवड्यास 16 तास अध्यापन, तसेच संस्था वेळोवेळी नेमून देईल ती इतर कामे." बास, एवढंच आहे. हे माझं पहिलं नियुक्तीपत्र, संस्थेचं नाव झाकलंय कारण मुद्दा त्या एका संस्थेचा नाहीये, हेच वाक्य थोड्याफार फरकानं जगभरच्या शिक्षकांच्या करारात सापडतं. सही करताना मी हे कलम वाचलंच नव्हतं. पगाराचा आकडा बघितला, रुजू व्हायची तारीख बघितली आणि सही ठोकली. नोकरी मिळाल्याचा आनंद एवढा होता की सातवं कलम कोण बघतंय.

मग पहिल्या सत्रात एक आठवडा मी वहीत सगळं लिहून काढलं, मिनिटं धरून. वर्गात शिकवणं 16 तास. तयारी 12, कारण तीन वेगळे विषय होते आणि त्यातला एक मी स्वतः पहिल्यांदाच शिकत शिकत शिकवत होते. पेपर आणि वह्या तपासणं 7. सुपरव्हिजन 4. कुणी रजेवर म्हणून घेतलेले बदली तास 3. मीटिंग 2. हजेरी, निकालपत्रक, कसले कसले रिपोर्ट, 3. बेरीज केली तर 47. आणि हा काही परीक्षेचा आठवडा नव्हता, साधा आठवडा होता.

म्हणजे करारात आकडा 16 चा, काम 47 तासांचं. मधले 31 तास कुठे आहेत कागदावर? ते त्या "इतर कामे" मध्ये आहेत. दोन शब्दांत 31 तास.

(दृश्य: रिकामा वर्ग, फळ्यावर अर्धवट पुसलेली आकृती)

आता आधी एक साधा प्रश्न, जो कुणी विचारत नाही. करारात "तास" लिहिलंय, तो तास किती मिनिटांचा? हसू नका, खरंच विचारतेय. शाळेत पिरियडला तास म्हणतात आणि घड्याळाच्या 60 मिनिटांनाही तास म्हणतात. जर्मनीत शिकवण्याचा एक तास म्हणजे 45 मिनिटं, तिथे शिक्षकाचं बंधन आठवड्याला किती शिकवायचं या आकड्यातच सांगतात आणि तो आकडा या 45 मिनिटांच्या तासातच मोजतात. तिथल्या युनिव्हर्सिटीत प्रोफेसरला साधारण 8 किंवा 9 तास असतात आणि उपयोजित शिक्षणाच्या कॉलेजांत, जिथे संशोधन कमी आणि शिकवणं जास्त, तिथे 18. तेच पद, तोच देश, आकडा दुप्पट, कारण बाकीच्या वेळात काय करणं अपेक्षित आहे ते वेगळं आहे. म्हणून नुसता तासांचा आकडा ऐकून "अरे वा, फक्त 18 तास काम" असं कुणी म्हटलं की मला फार वाईट वाटतं, कारण म्हणणाऱ्याला खरंच माहीत नसतं की हा आकडा कामाचा नाहीये, वर्गात उभं राहण्याचा आहे.

आणि ज्यांना तासावर पैसे मिळतात, तासिका तत्त्वावर काम करणारे, त्यांच्यासाठी तर हा शब्द म्हणजे अख्खा पगार. पिरियड 48 मिनिटांचा असेल आणि पैसे 60 मिनिटांच्या हिशोबाने असतील तर पाच पिरियड घेतले की हातात चारच तासांचे पैसे. परीक्षेच्या दिवसांत वर्ग भरत नाहीत, तेव्हा शून्य. सुट्टीत शून्य. पण पेपर मात्र त्याच शिक्षकाने काढायचा, त्यानेच तपासायचा, कारण विषय त्याचा आहे.

(दृश्य: जुनी कागदपत्रं, पानं उलटणारे हात)

हे सगळं नवीन नाहीये बरं का. 5 ऑक्टोबर 1966 ला पॅरिसमध्ये युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांची शिक्षकांच्या दर्जाबद्दलची शिफारस मंजूर झाली. जागतिक शिक्षक दिन 5 ऑक्टोबरला असतो तो याच कारणाने. त्या शिफारशीत स्पष्ट म्हटलंय की कामाचे तास शिक्षक संघटनांशी बोलून ठरवावेत, आणि शिकवण्याचे तास ठरवताना बाकीच्या गोष्टी धराव्यात, रोज किती मुलं समोर असतात, तयारीला आणि तपासणीला किती वेळ लागतो, किती वेगवेगळे पाठ घ्यावे लागतात, वर्गाबाहेरचे उपक्रम, मुलांना मार्गदर्शन, पालकांशी बोलणं, सगळं. 1966 साली! माझ्या वहीतल्या त्या 31 तासांची यादी माझ्या जन्माच्या आधीच कुणीतरी करून ठेवली होती. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही, त्यामुळे प्रत्येक देशाने आपापल्या परीने घेतली किंवा सोडून दिली.

भारताचं बघू. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकासाठी आठवड्याला किमान 45 तास लिहिलेत, आणि त्यातच तयारीचे तास धरलेत असंही लिहिलंय. हे चांगलंय की तयारीचा उल्लेख कायद्यात आला. पण 45 मधले तयारीचे किती ते नाही लिहिलं, आणि तिथेच सगळी गोची होते, कारण टाइमटेबल बनवणारा माणूस रिकामा पिरियड बघतो आणि त्यात काहीतरी टाकतो, तो रिकामा दिसतो ना त्याला. त्याच कायद्याच्या कलम 27 मध्ये शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावायचं नाही असंही आहे, अपवाद तीन, जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. पण अपवादाच्या कामाला गेलेल्या शिक्षकाचा वर्ग त्या दिवशी कुणाकडे जातो? शेजारच्या वर्गातल्या बाईंकडे. दोन वर्ग, एक बाई, आणि त्यांच्या करारात यासाठी एक ओळ नाही.

कॉलेजचं पण तसंच. युजीसीच्या 2018 च्या नियमांत पूर्णवेळ प्राध्यापकाला आठवड्याला किमान 40 तासांचा वर्कलोड आहे, वर्षातले 30 आठवडे. त्यात प्रत्यक्ष शिकवणं असिस्टंट प्रोफेसरला 16 तास, असोसिएट आणि प्रोफेसरला 14. 40 वजा 16, राहिले 24. हे 24 तास ज्याच्या त्याच्या हातात. चांगला विभागप्रमुख असेल तर त्यातून संशोधन होतं, विद्यार्थ्यांना वेळ देता येतो. नसेल तर त्यात फाइली भरल्या जातात, मी पाहिलंय हे, वर्षानुवर्षं फाइली भरणारे हुशार लोक पाहिलेत.

(दृश्य: घड्याळ, मग वह्यांचा गठ्ठा, एकेक वही कमी होत जाते)

मग कुणी या बाहेरच्या वेळाला आकडा दिलाय का? दिलाय, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

अमेरिकेत अर्धवेळ शिकवणाऱ्या प्राध्यापकांचा प्रश्न आला, आरोग्य विम्याच्या कायद्यामुळे. आठवड्याला सरासरी 30 तास काम असेल तर मोठ्या संस्थांच्या बाबतीत तो कर्मचारी पूर्णवेळ धरायचा असा नियम, पण या लोकांना तर शिकवलेल्या कोर्सच्या क्रेडिटवर, म्हणजे कोर्सला ठरलेल्या गुणभारावर पैसे, मग यांचे तास मोजायचे कसे? 2014 साली तिथल्या कर विभागाने एक पद्धत मान्य केली, वर्गातल्या प्रत्येक तासामागे तयारी आणि तपासणीचा सव्वा तास धरायचा, म्हणजे शिकवलेला 1 तास बरोबर कामाचे सव्वादोन तास. शिवाय विद्यार्थ्यांसाठी ठेवलेली भेटीची वेळ आणि सक्तीच्या मीटिंगा वेगळ्या. हे काही पगार वाढवायला नव्हतं केलं, विम्यासाठी होतं, पण सरकारने कागदावर मान्य केलं की बाहेरचं काम हे काम आहे.

आता हा गुणाकार माझ्या 16 तासांना लावा. 16 गुणिले सव्वादोन, 36. म्हणजे मीटिंग, सुपरव्हिजन, बदली तास काहीही न धरता 36 तास झाले.

फ्रान्समध्ये हिशोब आणखी वेगळा. तिथे युनिव्हर्सिटीतल्या प्राध्यापकाचं वर्ष 1607 तासांचं, त्यातलं अर्धं संशोधनाला आणि अर्धं शिकवण्याला. त्या अर्ध्या वर्षाच्या बदल्यात वर्गात किती, तर मोठी व्याख्यानं असतील तर 128 तास आणि छोट्या गटांचे सराववर्ग असतील तर 192 तास. आकडेमोड केली तर व्याख्यानाच्या एका तासामागे सहा तासांहून जास्त काम गृहीत धरलंय आणि सराववर्गाच्या तासामागे साधारण चार. अमेरिकेत सव्वादोन, इथे चार आणि सहा! मला यातलं एक फार पटलं, व्याख्यान आणि सराववर्ग एकाच मापाने मोजले नाहीत. शंभर जणांसमोर नवीन विषय मांडणं आणि वीस जणांकडून गणितं सोडवून घेणं ही वेगळी मेहनत आहे, ज्याने दोन्ही केलंय त्याला वेगळं सांगायला नको.

आणि मग जपान. जपानची गोष्ट सांगताना मला त्रास होतो. तिथे 1971 साली कायदा झाला, सरकारी शाळांतल्या शिक्षकांना ओव्हरटाइम नाही, त्याऐवजी पगाराच्या 4 टक्के सरसकट भत्ता. 4 टक्के का, तर 1966 च्या एका पाहणीत जादा काम महिन्याला साधारण 8 तास निघालं होतं. नंतर काम वाढत गेलं, शाळा सुटल्यावरचे खेळांचे क्लब, सुट्टीच्या दिवशीचे सामने, पालकांचे फोन, आणि भत्ता तिथेच, पन्नासहून जास्त वर्षं. कितीही वेळ थांबलं तरी पैसे तेवढेच म्हटल्यावर कुणी तास मोजायची गरजच राहिली नाही, आणि जे मोजलं जात नाही ते वाढत जातं. शेवटी 2025 मध्ये कायदा बदलला, आता भत्ता टप्प्याटप्प्याने 10 टक्क्यांवर नेणार आहेत.

(दृश्य: कोर्टाची इमारत बाहेरून, पायऱ्या)

इंग्लंडमध्ये 1987 पासून सरकारी शाळांतल्या शिक्षकांच्या सेवाशर्तीत 1265 हा आकडा आहे. वर्षाचे 195 दिवस, 1265 तास, एवढ्या वेळात मुख्याध्यापक सांगतील तिथे हजर राहून सांगतील ते काम करायचं. वाचायला किती स्वच्छ वाटतं ना. पण पुढे आणखी एक वाक्य आहे, आपली व्यावसायिक कर्तव्यं नीट पार पाडायला लागतील तेवढे वाजवी जादा तास. किती वाजवी? आकडा नाही. म्हणजे आपलं "इतर कामे" तिथेही आहेच.

आणि अशाच प्रश्नावरून एक खटला थेट तिथल्या सुप्रीम कोर्टात गेला. 30 नोव्हेंबर 2011 ला शिक्षकांचा एक दिवसाचा संप होता. एका कॉलेजने संपावर गेलेल्यांचा पगार कापला, वर्षाच्या पगाराचा 260 वा भाग, कारण त्यांचं म्हणणं, सोमवार ते शुक्रवार धरले तर कामाचे दिवस 260. शिक्षकांचं म्हणणं, आमचा पगार वर्षाचा आहे आणि आम्ही संध्याकाळी, शनिवार-रविवारी, सुट्टीतसुद्धा तयारी आणि तपासणी करतो, तर 365 वा भाग कापा. फरक दिसायला किरकोळ, पण प्रश्न किरकोळ नव्हता, रविवारी घरी बसून तपासलेले पेपर हे काम आहे की नाही हा होता. मे 2017 मध्ये कोर्टाने एकमताने शिक्षकांच्या बाजूने निकाल दिला. 365 वा भाग.

मी तो निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा किती तरी वेळ तशीच बसून होते. कुणीतरी माझा रविवार वाचला होता.

(दृश्य: कोरा कागद, त्यावर पेनाने ओढलेले चार रकाने)

चांगला करार कसा दिसतो विचाराल तर मी स्कॉटलंडकडे बोट दाखवेन. 2001 च्या तिथल्या करारातून शिक्षकाचा आठवडा 35 तासांचा ठरला. त्यात वर्गात जास्तीत जास्त साडेबावीस तास. त्या वर्गवेळेच्या किमान एक तृतीयांश वेळ स्वतःच्या तयारीला आणि तपासणीला, म्हणजे साडेसात. राहिले 5, ते मीटिंगा, पालकसभा वगैरे, आणि ते कसे वापरायचे हे शाळेत बसून एकत्र ठरवायचं. शिवाय ज्या कामाला शाळेत असणं गरजेचं नाही ते शिक्षकाने स्वतःच्या सोयीच्या जागी, सोयीच्या वेळी करावं. तिथले शिक्षक 35 तासांत सगळं संपवून घरी जातात असं माझं म्हणणं नाही. पण भांडायला आकडा आहे त्यांच्याकडे. नवीन काम आलं की विचारता येतं, हे कुठल्या रकान्यात टाकू, आणि त्यातलं काय काढू?

म्हणून जे आत्ता सही करणार आहेत त्यांना सांगते, आनंदात असाल तरी दहा मिनिटं काढा. तास म्हणजे किती मिनिटं ते विचारा. किती वेगवेगळे विषय मिळणार विचारा, कारण एकच पाठ चार तुकड्यांना आणि चार वेगळे पाठ चार तुकड्यांना यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बदली तासांना मर्यादा आहे का, परीक्षेचं काम कशात धरतात, वर्ग रद्द झाला तर पैसे मिळणार का, संध्याकाळी ग्रुपवर आलेल्या मेसेजला उत्तर देणं हे काम आहे का. सगळी उत्तरं मनासारखी मिळणार नाहीत. पण मिळालेलं उत्तर मेलवर मागा, तोंडी नको.

(दृश्य: पुन्हा तेच नियुक्तीपत्र, शेजारी दुसरं, नवीन)

हे दुसरं पत्र माझ्या जागेवर नंतर आलेल्या मुलीचं आहे, तिच्या परवानगीने दाखवतेय. तिला मी माझी ती वही दिली होती, 47 तासांची. ती वही घेऊन ती मुलाखतीनंतर प्राचार्यांसमोर बसली, भांडली नाही, फक्त बेरीज दाखवली. सातवं कलम अजून तसंच आहे, "इतर कामे" पण आहे. त्याखाली एक ओळ वाढलीये, टाइप केलेली, सही-शिक्क्यासह. "बदली तास आठवड्यास दोनपेक्षा जास्त देण्यात येणार नाहीत, आणि प्रश्नपत्रिका काढणे व तपासणे यासाठी सत्रात आठ तासिका मोकळ्या ठेवण्यात येतील."

तिने मला फोटो पाठवला तेव्हा खाली एवढंच लिहिलं होतं, तासिका साठ मिनिटांची की अठ्ठेचाळीसची ते विचारायचं राहिलं, सोमवारी विचारते.