फुलीवरचा हिशेब

[दृश्य: शनिवारची संध्याकाळ. दिवे लागलेले. ट्रॅक वरून.]

अमेरिकेतलं इंडियानापोलिस. या शहराच्या पश्चिमेला अडीच मैलांचा, म्हणजे चार किलोमीटरचा तो जगप्रसिद्ध मोटर स्पीडवे आहे. आपण मात्र शहराच्या पूर्वेकडे, इंडियानापोलिस स्पीडरोमवर आलो आहोत. इथला ओव्हल, म्हणजे लंबगोल ट्रॅक, मैलाचा एक पंचमांश, जेमतेम ३२२ मीटरचा. पायऱ्यांवर कुठेही बसा, सगळी शर्यत एका नजरेत मावते.

ओव्हलच्या पोटात डांबराचे दोन तिरपे पट्टे एकमेकांना छेदतात आणि इंग्रजी आठचा आकडा तयार होतो. म्हणून हा खेळ ‘फिगर एट’. मधोमध फुली. तिथे ना पूल, ना सिग्नल. प्रत्येक गाडी एका फेरीत दोनदा ही फुली ओलांडते.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर आयस्लिप स्पीडवे होता, तोही एवढाच छोटा. तिथल्या शर्यती १९६० च्या दशकात एबीसी वाहिनीने दाखवल्या आणि हा खेळ देशभर घराघरांत पोचला. तो ट्रॅक १९८४ मध्ये बंद पडला. स्पीडरोम टिकला. इथे १९७७ पासून ‘वर्ल्ड फिगर एट’ होते, सलग तीन तासांची. आजची रात्र मात्र छोट्या शर्यतींची आहे.

[दृश्य: पिट. चार चाकांखाली वजनकाटे.]

ओव्हलवरची गाडी फक्त डावीकडे वळते, म्हणून ती मुद्दाम डावीकडे जड ठेवतात. तिचं उजवं मागचं टायर परिघाने मोठं असतं, आणि पुढची दोन्ही चाकं एकाच बाजूला, डावीकडे, कललेली असतात. ती गाडी जशीच्या तशी इथे उतरवली तर डावं वळण झकास घेईल आणि उजव्या वळणावर सरळ भिंतीकडे निघेल.

म्हणून इथे सगळं सारखं करावं लागतं. डावं-उजवं वजन निम्मं-निम्मं, दोन्ही बाजूंच्या स्प्रिंग सारख्या, मागच्या दोन्ही टायरचा परीघ फीतपट्टीने मोजून जुळवलेला. पुढच्या दोन्ही चाकांचे माथे सारख्याच अंशाने आत कललेले. मेकॅनिक प्रत्येक काट्याचा आकडा पाटीवर लिहितो. ड्रायव्हर सीटवर बसलेला असतानाच लिहितो, कारण माणसाचं वजन डावीकडे पडतं आणि ते शिशाच्या वजनांनी उजवीकडे भरून काढायचं असतं.

[दृश्य: गाडीखाली पडलेला मेकॅनिक, ऑइल सम्प.]

इंजिन बहुतेक वेळा ऑइलपायी बसतं. ओव्हलवर ऑइल सतत उजवीकडे ढकललं जातं, त्यामुळे सम्पला, म्हणजे इंजिनच्या तळातल्या ऑइलच्या भांड्याला, त्या एकाच बाजूची सोय पुरते. इथे काही सेकंदांत ते एका कडेवरून दुसऱ्या कडेला जातं. सम्पमध्ये दोन्ही बाजूंना आडव्या पट्ट्या आणि एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा नसतील, तर पंपाची नळी क्षणभर उघडी पडते आणि हवा ओढते. दाब कोसळतो, आणि असं काही वेळा झालं की बेअरिंग गेलंच. मीटरकडे बघायला एरवी सवड नसते, पण वळणातून बाहेर पडताना ऑइल-दाबाच्या काट्यावर एक नजर टाकायचीच.

तसंच पॉवर स्टिअरिंगचं. चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं फिरतं, द्रव उकळतो आणि स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. म्हणून त्याला वेगळा कूलर. ब्रेकचं दुखणं याहून वाईट. त्यातला द्रव उकळून बुडबुडे झाले की पॅडल थेट तळाला जातं, आणि हे कळतं ते नेमकं फुलीच्या तोंडाशी. शर्यतीआधी जुना द्रव पूर्ण काढून नवा भरणं आणि हवा काढणं हे टाळण्यासारखं काम नाही.

[दृश्य: दार. लोखंडी नळ्या.]

दाराकडे नीट बघा. धडक बसते ती इथेच, आणि दोन्हीपैकी कुठल्याही बाजूला. ड्रायव्हरभोवतीच्या लोखंडी पिंजऱ्याच्या नळ्या साधारण पावणेदोन इंच व्यासाच्या. दाराच्या आडव्या नळ्या बाहेरच्या अंगाला फुगवलेल्या असतात, म्हणजे धडकेचा जोर माणसापर्यंत पोचण्याआधी त्यांना दबायला जागा मिळते. त्यांच्यावर पोलादी पत्रा वेल्ड केलेला. सीटला डोक्याच्या दोन्ही बाजूंनी आधार. पट्टे बांधताना आधी कमरेचा, तोही पोटावर नाही तर कमरेच्या हाडावर घट्ट, आणि मगच खांद्यांचे. उलट क्रम लावला तर खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा वर पोटावर ओढतात.

[दृश्य: हिरवा झेंडा.]

पहिल्या फेरीत फुलीवर काहीच घडत नाही, कारण सगळा ताफा एकत्र असतो. ताफ्याची लांबी अर्ध्या फेरीपेक्षा वाढली की पुढची गाडी आणि शेपटाची गाडी फुलीवर एकमेकींना आडव्या येतात. खरी शर्यत तिथून सुरू होते.

हिशेब मांडून बघा. पट्टा दहा मीटर रुंद आणि गाडी पाच मीटर लांब धरली, तर ताशी ६० किलोमीटर वेगाने फुली रिकामी व्हायला जवळपास ०.९ सेकंद लागतो. पंधरा गाड्या आणि वीस सेकंदांची फेरी धरा. वीस सेकंदांत फुली तीस वेळा ओलांडली जाणार. तीस गुणिले ०.९ म्हणजे २७ सेकंद, आणि हातात आहेत वीस. हे गणित सुटतं ते एकाच मार्गाने: गाड्या बंपरला बंपर लावून एकामागोमाग जातात आणि एकाच फटीतून दोघं-तिघं निघून जातात. पुढच्याच्या मागे चिकटून राहणं म्हणजे घाई करणं नव्हे, तीच इथली शहाणी चाल.

[दृश्य: ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोरून, पुढची चौकट.]

आडवी येणारी गाडी चौकटीत एकाच जागी स्थिर दिसत असेल आणि नुसती मोठी होत असेल, तर धडक ठरलेली. ती पुढे सरकताना दिसली तर ती आधी जाईल. मागे सरकली तर तुम्ही आधी. आणि सगळ्यात फसवी गाडी ती, जी पिंजऱ्याच्या पुढच्या उभ्या नळीआड लपलेली असते, कारण ती आडच राहते. म्हणून जाणते ड्रायव्हर फुलीकडे येताना डोकं मुद्दाम पुढे-मागे हलवतात.

नेम धरायचा तो तिच्या मागच्या बंपरवर. तुम्ही पोचेपर्यंत ती तिथून निघून गेलेली असते. चुकलाच अंदाज, तर आघात तिच्या मागच्या चाकाजवळ बसतो, ड्रायव्हरच्या दारावर नाही. ब्रेकही फुलीच्या आधीच, सरळ रेषेत. फुलीच्या मध्यावर ब्रेक दाबणारा सगळ्यांत घातक, कारण बाकीच्यांनी त्याचा वेग धरूनच आपापला हिशेब केलेला असतो. प्रेक्षकांना शेवटच्या क्षणी थांबणारा धाडसी वाटतो. जाणत्यांना तो कच्चा वाटतो. चांगला ड्रायव्हर शंभर पावलं आधीच थोडा गॅस सोडतो आणि पूर्ण वेगात फुली पार करतो.

[दृश्य: लाल झेंडा. टो ट्रक.]

फुलीवर गाडी अडकली की लाल झेंडा, कारण आडवाटेने वळवायला इथे जागाच नाही. ड्रायव्हरने खिडकीची जाळी खाली टाकली तर तो ठीक आहे, हा इशारा. जाळी वरच राहिली तर बचाव पथक धावतच निघतं. पडलेल्या पाण्यावर आणि ऑइलवर शोषक भुकटी टाकून झाडू मारतात. त्यात पाच मिनिटं जास्त गेलेली बरी, कारण फुलीवरचा ओला डाग दोन्ही पट्ट्यांवरच्या गाड्यांना घसरवतो.

[दृश्य: रात्री उशिरा, पिट. दोघं जण चेसिसखाली फीतपट्टी धरून.]

शर्यत संपली की वाकलेले पत्रे कापण्याआधी चेसिसचे दोन्ही कर्ण मोजले जातात, पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्यापर्यंत आणि उलट. दोन्ही आकडे सारखे आले तर उरलेलं काम नुसतं पत्र्याचं. फरक आला तर पिंजऱ्याचे जोड एकेक करून तपासायचे, आणि चेसिस ताणून सरळ होईपर्यंत गाडी ट्रॅकवर न्यायची नाही.