तापीचे डोह आणि बाजारातले बोंबील

(दृश्य: पहाटेचा अंधार. काठावर पाणी चुबकचुबक वाजतंय. लांब पुलावरून एका ट्रकचे दिवे सरकतात.)

पहाटेचे साडेचार. चैत्र संपत आलाय. दिवसा या काठावर उभं राहवत नाही. एप्रिलात जळगाव-भुसावळचा पारा 43 च्या पुढे गेला, की इकडे शिंदखेडा-शहाद्याकडेही फार वेगळं नसतं. आत्ता मात्र पाण्यावरून येणारी हवा गार आहे. ही तापी, सारंगखेड्याच्या वरच्या अंगाची.

खान्देशातल्या मासेमारीवर फिल्म करतोय म्हटल्यावर पुण्यातल्या एका मित्रानं विचारलं, "तिकडे समुद्र कुठंय रे?" त्याचंही चुकलं नाही. धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत खाऱ्या पाण्याचा थेंब नाही. तरी इथल्या चुलीवर समुद्र शिजतो. कसा, ते आपण बाजारात गेल्यावर बघू. आधी नदी.

(दृश्य: गुडघाभर पाण्यात एक म्हातारा. खांद्यावर जाळं. कॅमेरा हातांवर.)

हे आप्पा. गावात सगळे आप्पाच म्हणतात, आपणही तेच म्हणू. भोई समाजाचे. एकेकाळी याच समाजाच्या खांद्यावरून पालख्या जायच्या. पालख्या गेल्या, नदी राहिली.

जाळं कसं फेकतात ते नीट बघा. दोरीचं टोक डाव्या मनगटात. जाळ्याचा एक पदर कोपरावर, दुसरा उजव्या हातात, आणि काठाचा एक शिसाचा मणी चक्क दातात. आप्पा कमरेतून अर्धे वळतात. क्षणभर काहीच होत नाही. मग अख्खं अंग उलगडतं, दात सुटतात, आणि हवेत एक गोल उघडतो. सगळे मणी पाण्याला एकदम टेकले पाहिजेत. एक बाजू आधी पडली, तर मासा दुसऱ्या बाजूनं निघून जातो.

(आवाज: छन्न.)

हा आवाज आला, की फेक बरोबर. जाळं तळाला बसेपर्यंत आप्पा हलत नाहीत. दोरी बोटांवर तोलून धरतात. आत काही आहे का, हे बोटांना आधी कळतं. मग हळूहळू ओढायचं, मणी तळाशी घासत आले पाहिजेत. मी दोनदा फेकून बघितलं. पहिल्यांदा जाळ्याचा गोळा पडला. दुसऱ्यांदा मनगटातली दोरी सुटली, आणि आप्पांना छातीभर पाण्यात जावं लागलं. तो शॉट आम्ही ठेवलेला नाही.

इथे जाळ्याला जाळं म्हणत नाहीत, 'जायं' म्हणतात. गळाचा 'गय' होतो. अहिराणीत ळ तोंडात आला, की बहुतेक वेळा विरघळतोच.

पण पहाटेच का यायचं? आप्पांचं उत्तर एका ओळीचं आहे: "ऊन चढनं का मासा खाले जास." ऊन चढलं, की मासा खाली जातो. याच्या मागे साधं विज्ञान आहे. पाणी जितकं गरम, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांवर साडेसातच. त्यात रात्रभर पाण्यातलं शेवाळ आणि वनस्पती प्राणवायू खातात, बनवत नाहीत. म्हणून सूर्य उगवायच्या आधी पाण्यात त्याची सगळ्यात जास्त ओढाताण असते. आणि मासा श्वासासाठी वरच्या थरात येतो, उथळ काठाला लागतो. आप्पांनी मिलिग्रॅम कधी मोजले नाहीत. वेळ मात्र बरोबर साधली आहे.

(दृश्य: उजाडतंय. जाळ्यात चार-पाच मासे, एक मोठा.)

यात दोन चिलापी. हा मासा मूळचा आफ्रिकेतला, आता आपल्या बहुतेक धरणांत आहे. ही एक वाम, सापासारखी, पाठीवर काट्यांची रांग. नुसत्या हातानं धरू नका. आणि हा मोठा रोहू. रोहू, कटला, मृगळ ही आपल्या ताटातली त्रिमूर्ती, पण तिघेही मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. हे मासे पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात. धरणाच्या थांबलेल्या पाण्यात सहसा घालत नाहीत. म्हणून बीज बाहेरून आणून सोडावं लागतं. जिऱ्याएवढं असतं तेव्हा त्याला मत्स्यजिरे म्हणतात, बोटाएवढं झालं की बोटुकली. ही नावं कुणी ठेवली माहीत नाही, पण सरकारी कागदावर इतके गोड शब्द क्वचितच सापडतात.

हे बीज हवं तेव्हा तयार करता येऊ लागलं ते 10 जुलै 1957 नंतर. त्या दिवशी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाला पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावलं. 10 जुलै हा आपल्याकडे मत्स्य शेतकरी दिन असतो तो त्यामुळेच.

(दृश्य: नदीचं रुंद, संथ पात्र. जलपर्णीचे पुंजके. ट्रकच्या ट्यूबवर बसून एक तरुण हातांनी वल्हवत जातोय.)

आप्पांच्या लहानपणी तापी उन्हाळ्यात अशी नसायची. होळी झाली, की धार बारीक व्हायची आणि नदी डोहांत तुटायची. प्रत्येक डोहाला नाव होतं. डोह आटत जायचा तसा मासा एका जागी गोळा व्हायचा. मोकळ्या झालेल्या वाळूत भोई मंडळी खड्डे करून खत भरायची आणि डांगरं, म्हणजे खरबुजं, लावायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात घागर भरतात, तिच्यावर डांगर ठेवतात. ते डांगर बहुधा असल्याच एखाद्या वाळवंटातून आलेलं असायचं. म्हणजे एकाच कुटुंबाचं एकच नदीपात्र: अर्ध्यात मासा, अर्ध्यात वेल.

आता सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे एकामागून एक बॅरेज, म्हणजे दरवाज्यांचे बंधारे, आहेत. पाणी उन्हाळ्यातही तुंबलेलं राहतं. शेतीला ते हवंच होतं, त्याबद्दल या काठावर कुणाचीच तक्रार ऐकली नाही. पण वाळू पाण्याखाली गेली, आणि जी वर राहिली ती ट्रॅक्टरनं गेली. डांगराच्या वाडीची जागा दाखवा म्हटलं, तर आप्पांनी पाण्याच्या मधोमध बोट केलं. "आते काय राह्यनं तठे?"

खोल पाण्यात फेकायचं जायं काम देत नाही. तिथे अडकवायची लांब जाळी लागतात, आणि ट्यूबवर बसून संध्याकाळी ती लावून यावं लागतं. तरुण पोरं तेच करतात. काठावर आप्पांसारखे दोघं-तिघंच उरलेत.

(दृश्य: नकाशा. तापीची रेघ पूर्वेकडून पश्चिमेकडे.)

आता जरा वर जाऊन बघू. तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगवते, बऱ्हाणपुरावरून खान्देशात येते. चांगदेवला तिला पूर्णा मिळते. तिथेच खाली हतनूरचं धरण, 41 दरवाज्यांचं. मग वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा अशा एकेक नद्या घेत ती प्रकाशाला येते. पुढे गुजरात, उकाई, काकरापार, सुरत, आणि डुमसजवळ समुद्र. एकूण 724 किलोमीटर. महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या नद्या बंगालच्या उपसागराकडे तोंड करून निघतात. ही उलटी, अरबी समुद्राकडे.

आणि समुद्राचा मासा नदीत येतो. हिल्सा, आपल्याकडे त्याला पाला म्हणतात, राहतो समुद्रात, पण पावसाळ्यात अंडी घालायला नदीचं गोडं पाणी शोधत वर चढतो. नर्मदा आणि तापी, दोन्ही त्याच्या वाटा. ही वाट आता जागोजागी अडलेली आहे. सुरतेला सिंगणपूरचा बंधारा आहे, भरतीचं खारं पाणी शहराच्या पिण्याच्या पाण्यात शिरू नये म्हणून. त्याच्या वर काकरापार. त्याच्या वर 1972 साली पूर्ण झालेलं उकाई, ज्याचं पाणी मागे सरकत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्यापर्यंत येतं. इतक्या भिंती चढून येणारा मासा अजून जन्मायचाय.

(दृश्य: नवापूरकडचं उकाईचं फुगवट्याचं पाणी. ओसरलेल्या काठावर भेगाळलेला गाळ. आदिवासी बाया पाण्यात टोपल्या घेऊन.)

इथे गावित आणि कोकणा वस्ती आहे. उन्हाळ्यात फुगवट्याचं पाणी उतरतं आणि बुडालेली शेतं वर येतात. आजोबांची जमीन, बापाची जमीन. वर्षाला दोन-तीन महिने तोंड दाखवते. बाकीचे महिने तिच्यावर जाळं टाकायचं.

वर सातपुड्यात पावरा आणि भिल्ल मंडळींची रीत वेगळी. ओढ्याचं डबकं उरलं, की गेळफळ किंवा हिंगणबेट ही रानफळं ठेचून पाण्यात कालवायचं. मासा गुंगतो, वर येतो, हातानं वेचायचा. पाऊस आला, की ओढा धुऊन निघतो. हल्ली काही ठिकाणी कुणीतरी ब्लीचिंग पावडर ओततं. त्यात मासा मरतो, बेडूक मरतो, पाणी प्यायला येणारं जनावरही सुटत नाही. दोन्हींना 'विष टाकून मासेमारी' हा एकच शब्द लावतात तेव्हा मला राग येतो.

(दृश्य: उथळ पाण्यात तांबूस-नारिंगी पिल्लांचा थवा, जणू कुंकू सांडलंय.)

थांबा, हे बघा. ही मरळीची पिल्लं. खाली कुठेतरी आईबाप पहारा देत असणार. मरळ हवेतून श्वास घेऊ शकते, म्हणून डबकं आटत आलं तरी चिखलात तग धरते, आणि बाजारात जिवंत विकली जाते. भावही तसाच. आप्पा अशा थव्यावर जाळं टाकत नाहीत. पिल्लं घेऊन काय करायचं, आणि आईला नेलं तर पिल्लांना दुसरे मासे खातात.

(दृश्य: आठवडे बाजार. पाल, तराजू, धूळ. आप्पांच्या घरच्या आजी टोपलीमागे बसल्या आहेत. ओल्या गोणपाटाखाली मासे.)

सकाळचे दहा. दोन तासांत मासा विकला गेला पाहिजे, नाहीतर कल्ले तपकिरी पडतात आणि भाव अर्ध्यावर येतो. बर्फ परवडत नाही, म्हणून ओलं गोणपाट. एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मासेमारीला शेतीचा दर्जा दिला. वीज, कर्ज, विमा यांत शेतकऱ्यासारख्या सवलती मिळण्याची वाट त्यातून मोकळी होते. आजींना विचारलं. त्यांनी आमच्या अंगाला हात लावून कॅमेरा बाजूला करायला सांगितला. गिऱ्हाईक दिसत नव्हतं.

आता पलीकडची रांग. वास आधी पोचतो.

(दृश्य: सुकट, बोंबील, वाकट्या, खारे मासे यांचे ढीग.)

हा तो समुद्र. वाळून आलेला. बोंबील ताजा असताना जवळजवळ सगळा पाणीच असतो. वसई, अर्नाळा, सातपाटी, वर्सोव्याच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांडी, म्हणजे मासे वाळत घालायचे सांगाडे, उभ्या असतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टांगायची, मिठाचा कणही न लावता. ऊन आणि वारा बाकीचं करतात. जवळा मात्र जमिनीवर पसरून वाळवतात, तीच ही सुकट, म्हणून तिच्यात वाळू येते. समुद्रात 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवस यांत्रिक बोटींना बंदी असते. त्यामुळे वाळवायचं, बांधायचं, धाडायचं, सगळं मेअखेरपर्यंत. सुरत-भुसावळ रेल्वे इथून सव्वाशे वर्षांपूर्वी गेली. आता ट्रकही आहेत. पाला ज्या दिशेनं चढायचा, त्याच दिशेनं बोंबील चढतो. फक्त तिकीट काढून.

चांगला बोंबील ओळखायचा कसा? आजी एक उचलतात, दोन बोटांत वाकवतात. कडकन मोडला तर घ्यायचा. नुसता लवला तर आत ओल आहे, पावसाळ्यात बुरशी धरणार. सुकट मुठीत घेऊन चाळायची आणि तळहातावर काय उरतं ते बघायचं. वाळू उरली, तर भाव पाडायचा.

हो, या त्याच आजी. सकाळी रोहू विकला, आणि त्याच पैशांतून आता बोंबील घेताहेत. मला राहवलं नाही. म्हटलं, "आजी, घरात मासेमार असताना विकतचा मासा?"

त्या हसल्या. "पावसायामा नदी कोनले मासा देस?"

पावसाळ्यात नदी कुणाला मासा देते? बॅरेजचे दरवाजे उघडतात, पाणी लाल होतं, पुरात जाळं धरत नाही. आणि मासा तेव्हाच अंड्यांवर असतो. त्या दोन-तीन महिन्यांची बेगमी वैशाखात करायची: पापड, कुरडया, आणि डब्यात बोंबील.

(दृश्य: चूल. तवा.)

बोंबलाचं डोकं आणि शेपूट मोडून टाकलं. तुकडे कोरड्या तव्यावर भाजले, वास निघेपर्यंत. मग गरम पाण्यात घातले. पातेल्यात तेल, ठेचलेला लसूण, काळा मसाला, वांग्याच्या फोडी. वरून बोंबील. चैत्रात कैरी मिळते, तीही दोन फोडी. बाजूला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी थापली जातेय.

घरात आज नदीचा मासा नाही. तो सगळा विकला. आप्पा भिंतीला टेकून जाळ्याची तुटलेली आस, म्हणजे विणीतलं एक घर, सांधताहेत, सुईत दोरा ओवायला नातवाला हाक मारताहेत. नातू मोबाइलमध्ये आहे. तिसऱ्या हाकेला उठतो, दोरा ओवून देतो आणि विचारतो, उद्या मीही येऊ का.

"चारले उठशी?"

नातू काही बोलत नाही. तव्यावरचा शेवटचा बोंबील उचलून पळतो.