शिक्का नसलेलं मीटर

मुंबईच्या टॅक्सीचं मीटर पूर्वी गाडीच्या बाहेर, डाव्या अंगाला असायचं, हे इथल्या केस पिकलेल्या मंडळींना आठवत असेल. उतरताना मान बाहेर काढून आकडा वाचायचा, मग ड्रायव्हर खिशातून चुरगळलेलं टॅरिफ कार्ड, म्हणजे मीटरच्या आकड्याचे किती रुपये होतात तो तक्ता, काढणार आणि दोघं मिळून त्यावर बोट फिरवणार. 'जुनं कार्ड दाखवताय का हो?' हा प्रश्न ठरलेला! भांडणं व्हायची. पण त्या मीटरला सरकारी सील असायचं. रात्री बारानंतर सव्वापट पैसे पडतात हे शाळकरी पोराला ठाऊक होतं. १ फेब्रुवारी २०२५ला काळ्या-पिवळीचं किमान भाडं २८चं ३१ रुपये झालं, ते मीटर पुन्हा तपासून जुळवून घेण्याच्या अटीसकट.

आता तो आकडा फोनमध्ये, ओला-उबरसारख्या टॅक्सी ॲपमध्ये गेलाय. परवा मी आणि माझी सून एकाच सोफ्यावर बसून एकाच ठिकाणची गाडी बघत होतो. माझ्या फोनवर ३१०, तिच्या फोनवर ३५५. कशामुळे, ते मला सांगता येणार नाही, आणि माझी तक्रार तीच आहे. फोन बदलला की भाडं बदलतं, अशा तक्रारींवरून जानेवारी २०२५मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दोन मोठ्या कंपन्यांना नोटिसा दिल्या. कंपन्यांनी इन्कार केला. खरंही असेल त्यांचं. पण ते मीटर उघडून बघितलंय कोणी?

या कंपन्या सुरुवातीला म्हणायच्या, आम्ही टॅक्सी चालवतच नाही, फक्त प्रवाशाची आणि ड्रायव्हरची गाठ घालून देतो. म्हणजे वधूवर सूचक मंडळच की! २०१९ला मोटार वाहन कायदा बदलला, 'ॲग्रीगेटर', म्हणजे ॲपवरून अशी गाठ घालून देणारी कंपनी, हा शब्द कायद्यात आला आणि परवाना सक्तीचा झाला. मग भाड्याला मर्यादा आली. केंद्राने २०२०मध्ये गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दीडपट म्हटलं, २०२५मध्ये तेच दुप्पट केलं. महाराष्ट्राने मे २०२५च्या धोरणात दीडपटच ठेवलं.

पण दीडपट कशाच्या? मूळ भाडं कंपनीच ठरवणार असेल, तर मर्यादा घालून काय उपयोग? सप्टेंबर २०२५मध्ये राज्याने किलोमीटरला २२ रुपये ७२ पैसे असा आकडा दिला, तेव्हा कुठे हिशेब मांडता यायला लागला. गर्दीत जास्तीत जास्त ३४ रुपये ८ पैसे, सवलतीत कमीत कमी १७ रुपये ४ पैसे. आता तुम्ही-आम्ही कागदावर गुणाकार करून भांडू शकतो. टॅरिफ कार्ड परत मिळालं म्हणा ना.

सुरक्षिततेचं थोडक्यात सांगतो. लंडनच्या वाहतूक प्राधिकरणाने २०१९मध्ये उबरचा परवाना वाढवून द्यायला नकार दिला. तिथे ड्रायव्हर दुसऱ्याच्या खात्यावर आपला फोटो चढवत होते. किमान १४ हजार फेऱ्या अशा झाल्या होत्या. फोटो जुळतो, खातं भलत्याचंच. तेव्हा नुसत्या फोटोवर जाऊ नका, गाडीत बसण्याआधी नंबरप्लेटही वाचाच.

मघाशी पहिल्या रांगेतल्या ताईंनी विचारलं की ड्रायव्हर फोन करतो, 'कुठे जायचंय? ऑनलाइन का कॅश?' आणि मग 'तुम्हीच कॅन्सल करा' म्हणतो, त्याचं काय? ताई, यातली मेख अशी आहे. राज्याच्या धोरणात ड्रायव्हरने फेरी रद्द केली तर भाड्याच्या दहा टक्के किंवा शंभर रुपये, यातली कमी असेल ती रक्कम प्रवाशाच्या खात्यात यायला हवी. प्रवाशाने रद्द केली तर दंड त्याला. म्हणजे सगळा खेळ बटण कोणी दाबलं यावर! गाडी त्या कोपऱ्यावर पंधरा मिनिटं थिजून उभी आहे, ही नोंद कंपनीच्या नकाशात असते, पण दंड ठरवताना ती बघितली जाते का, हे आपल्याला कळत नाही. ती बघायलाच हवी, हे एक वाक्य नियमात घालून घ्यायला पाहिजे. तोवर तुम्ही बटण दाबू नका. नकाशाचा स्क्रीनशॉट काढा, वेळ दिसेल असा, आणि मग तक्रार करा.